खालच्या वावराचा गूळ

"पोत्यात काय आहे?" कंडक्टरने विचारलं.

"माती," मी म्हणाले.

त्याने एकदा पोत्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. शहागड गाडी अंबडच्या स्टँडवरून नुकतीच निघाली होती. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं ते पोतं माझ्या पायांशी होतं आणि मी त्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते, जणू ते उठून पळणारच होतं.

"माती असो का मोती, लगेज लागंल."

"घ्या."

पलीकडच्या सीटवरून कुणीतरी हसलं. पांढरा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, मांडीवर वर्तमानपत्रात बांधलेला मोटरपंपाचा कुठलासा लोखंडी भाग. आणि डोळे... डोळ्यांकडे मी तेव्हा फारसं पाहिलं नाही. म्हणजे, एकदाच पाहिलं.

"मॅडम, रागावू नका," तो म्हणाला. "पण आमच्याकडं मातीचा दुष्काळ पडला, असं कोणी सांगितलं तुम्हाला? तिकीट काढून आणून राह्यल्या म्हणून विचारलं."

"ही साधी माती नाही. हिच्यात बुरशी आहे."

त्याने हळूच पाय मागे घेतले. पुढच्या सीटवरच्या म्हातारीनेही पदर सावरला.

"चांगली बुरशी," मी घाईने म्हणाले.

"चांगली बुरशी!" त्याने मान डोलावली. "म्हणजे चांगला चोर असतो, तसं?"

मी खिडकीबाहेर बघितलं. हसू आलं की मी नेहमी खिडकीबाहेर बघते. गाडीत ती सोय असते.

तेव्हा मी बदनापूरच्या संशोधन केंद्रावर काम करत होते. मृदाशास्त्रात एम.एस्सी. झाले होते आणि कुंडीत वर्षभर एक बुरशी वाढवत होते. ज्वारीच्या मुळांवर वाढणारी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. कुंडीत ती खारट मातीतही जगली होती. आता तिला खऱ्या, मीठ फुटलेल्या वावरात न्यायचं होतं. फाट्यावरच्या गावातल्या तातेराव नावाच्या शेतकऱ्याने जमीन द्यायचं कबूल केलं होतं.

फाट्यावर उतरताना पोतं मला उचलेना. त्या पांढऱ्या शर्टाने आपला लोखंडी भाग माझ्या हातात दिला आणि पोतं खांद्यावर घेतलं. न विचारता. तातेराव चहाच्या टपरीवरच बसलेले होते.

"न्हाई बाई," ते म्हणाले, कप बशीत न ठेवताच. "मी घरी विचारलं. बुरशी म्हणजे रोग. पैसे घालून रोग कोण आणतं वावरात?"

"पण तुम्ही कबूल केलं होतं..."

"तवा तुम्ही 'जिवाणू खत' म्हणल्या होत्या. बुरशी म्हणल्या नव्हत्या."

मी पोत्याकडे पाहिलं. ती माती दोन-चार दिवसांत वाळली असती आणि वर्षभराची मेहनत तिच्याबरोबर. मला भांडता येत नाही, फक्त गप्प बसता येतं.

"मॅडम," तो पोतं खाली न ठेवताच म्हणाला, "आमचं एक खालचं वावर आहे नाल्याकडं. तिथं रोगसुद्धा जगत न्हाई. तुमची बुरशी जगली, तर तिचा सत्कार करू."

त्याचं नाव बद्रीनाथ.

*

खालच्या वावराची गोष्ट त्या भागातल्या पुष्कळ वावरांसारखीच होती. कालवा आला, वरच्या अंगाला ऊस आला. पाणी झिरपत खाली उतरलं, तिथेच मुरलं, आणि उन्हाळ्यात जमिनीतलं मीठ घेऊन वर आलं. मार्च लागला की वावरावर पांढरा थर दिसायचा. दुरून कुणी पीठ सांडल्यासारखा.

बद्रीनाथचे वडील रामराव वरचा ऊस अंकुशनगरच्या कारखान्याला घालत. खालच्या वावरातला थोडका ऊस घरच्या गुऱ्हाळावर गाळत. तो गूळ काळपट, पाघळणारा आणि खारट व्हायचा. दुर्गाबाई, बद्रीनाथची आई, तो गोठ्यात नेऊन ठेवायच्या. "आमच्या गाईच तेवढ्या खाऊन राह्यल्या," त्या म्हणाल्या, "त्यासुद्धा तोंड वाकडं करून."

रामरावांनी माझं सगळं ऐकून घेतलं. पोत्यातली माती चिमटीत घेतली, वास घेतला.

"एक साल देतो," ते म्हणाले. "एकच. पुढच्या संक्रांतीनंतर गुऱ्हाळ लागंल. गूळ जमला तर वावर राहील. न्हाई जमला, तर साहेबराव वीटभट्टीसाठी माती मागून राह्यला. त्याला देऊन टाकतो. वरची माती."

वरची माती एकदा गेली की वावर उरत नाही, खड्डा उरतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. बद्रीनाथला न सांगताच माहीत असावं. नंतर नाल्याकडे जाताना तो म्हणाला, "हे वावर गेलं की वरच्या दोन एकरांत आबा पुरेसे आहेत. मंग मी वाळूजला जाईन. मेव्हण्यानं कंपनीत सांगून ठेवलंय."

"तुम्हाला जायचंय?"

"मला?" त्याने वाकून एक ढेकूळ फोडलं. "मला न्हाई जायचं, मॅडम. पण इथं राह्यचं तर काही पिकलं पाहिजे ना."

लागवड झाली. वावराचे तीन पट्टे केले. रस्त्याकडचा आणि नाल्याकडचा बुरशीचा, मधला बुरशीशिवायचा, तुलनेसाठी. बुरशीच्या पट्ट्यांत प्रत्येक कांडीखाली मी ओंजळभर माती ठेवत गेले. दुर्गाबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या.

"काय गं माय, उसाखाली अंगारा ठेवून राह्यली का?"

"तसंच समजा," मी म्हणाले.

"मंग नवस काय बोललीस?"

मी काही म्हणायच्या आत सरीच्या दुसऱ्या टोकाकडून बद्रीनाथ म्हणाला, "गूळ, माय. गोड गूळ." आणि माझ्याकडे बघून हळू आवाजात, "...आणखी काही बोलल्या असतील तर त्यांनाच माहीत."

दुपारी लिंबाखाली भाकरी खाताना त्याने विचारलं, "ही बुरशी करते काय नेमकं?"

मी काडीने मातीत रेघा काढल्या. "हे मूळ. बुरशी मुळाच्या आत घर करते आणि बाहेर धागे सोडते. केसाहूनही बारीक. मूळ जिथे पोचत नाही तिथे ते धागे पोचतात. पाणी आणतात, स्फुरद आणतात. आणि उसात मीठ कमी चढतं. बदल्यात ऊस तिला साखर देतो."

तो त्या रेघांकडे बघत राहिला. "म्हणजे बटईनं आहे म्हणा की. जमीन उसाची, कष्ट बुरशीचे, पिकातला वाटा दोघांना."

मी एम.एस्सी.ची दोन वर्षं हे वाचत होते. 'बटई' हा शब्द कुठल्याच पुस्तकात नव्हता, आणि तो अगदी बरोबर होता.

"एकच अट," मी म्हणाले. "ह्या वावरात सुपर फॉस्फेट, म्हणजे स्फुरदाचं खत, टाकायचं नाही. अजिबात."

"बिलकुल न्हाई," तो म्हणाला. "तुम्ही म्हणाल ते बराबर."

*

त्यानंतर मी पंधरवड्याला जाऊ लागले. कधी क्षार मोजायला, कधी फुटवे मोजायला, आणि कधी... मोजण्यासारखं काही नसायचं तेव्हाही. बद्रीनाथ फाट्यावर चहा पीत उभा असायचा. गाडी उशिरा आली तर त्याचा तिसरा चहा चाललेला असायचा.

"कशी आहे?" तो आधी विचारायचा.

"कोण?"

"तुमची बुरशी. जेवती का नीट? गमतंय का तिला आमच्याकडं?"

"गमतंय असं वाटतं."

"वाटतं म्हणजे? तुम्ही तर सगळं मोजून सांगता."

"हे मोजायचं उपकरण नाही माझ्याकडे."

"बघा बरं," तो म्हणायचा, "एवढं शिकून."

एप्रिलच्या शेवटी तो स्वतःच बदनापूरला आला. ओल्या फडक्यात नाल्याकडच्या उसाची मुळं बांधून. रेल्वे स्टेशनपासून उन्हात चालत. मी मुळं उकळली, धुतली, निळ्या रंगात बुडवली, काचेवर ठेवली. मग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि खुर्चीवर मागे टेकले.

"काय झालं?"

"बघा तुम्हीच."

तो वाकला. दोन्ही डोळे उघडे ठेवून. "आपल्याच पापण्या दिसून राह्यल्या मला."

"एक डोळा मिटा."

त्याला एक डोळा मिटता येईना. एक मिटला की दुसरा मिटायचा. तोंड वाकडं, भुवया वर. मी शेवटी माझा तळहात त्याच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. नुसता, हलकाच. त्याची पापणी माझ्या हाताखाली एकदा फडफडली आणि शांत झाली.

"आता?" मी म्हणाले. माझा आवाज मला जरा लांबून आला.

"आता दिसलं," तो हळूच म्हणाला. "निळे निळे... लिंबाएवढे गोळे. मुळाच्या आत. आणि झाडाच्या फांद्यांसारखं काहीतरी."

"तेच. तीच आहे ती."

"देखणी आहे."

तो अजून सूक्ष्मदर्शकातच बघत होता, पण पुष्कळ वेळ झाला होता. एवढा वेळ बघण्यासारखं त्या काचेवर काही नव्हतं. मी हात काढला नाही. त्यानेही मान वर केली नाही.

*

ऑगस्टमध्ये मी बुरशीच्या दोन्ही पट्ट्यांची मुळं आणली. नाल्याकडची मुळं निळ्या गोळ्यांनी भरलेली. रस्त्याकडची रिकामी. मी पुन्हा पाहिलं. पुन्हा रंगवलं. नवी मुळं स्वच्छ, पांढरी, रिकामी.

बुरशी एकीकडे जगते आणि शंभर पावलांवर मरते, याचा अर्थ मला लागेना. दुसऱ्याच दिवशी वावरात गेले. तिथे मात्र उलटंच चित्र. रस्त्याकडचा ऊस माझ्या डोक्याच्या वर, काळाभोर हिरवा, आणि नाल्याकडचा बेताचा, फिकट. मी वाकून बुंध्याशी उकरत होते तेवढ्यात पाऊस आला. आडवा, जोराचा.

"मॅडम! भिजाल!" बद्रीनाथ धावत आला. त्याच्या हातात खताची रिकामी पिशवी होती. तिचा एक कोपरा आत दुमडून त्याने खोळ केली आणि माझ्या डोक्यावर चढवली. खोळ नीट बसवताना त्याची बोटं माझ्या कपाळावर जराशी थांबली. पाणी त्याच्या नाकावरून टपटपत होतं आणि तो हसत होता. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार...

आणि खोळीच्या शिवणीतून करड्या दाण्यांचा चुरा माझ्या गालावर ओघळला. मी तो बोटाने टिपला. आंबूस वास. पिशवीवरची अक्षरं वाचायची गरजच नव्हती.

"ही पिशवी कुठली, बद्रीनाथ?"

त्याने नाकावरचं पाणी पुसलं.

"वरच्या वावरात कारखान्याचं मिश्र खत असतं. तुम्हीच सांगितलं होतं. हे सुपर कुठे टाकलं?"

पाऊस उसाच्या पानांवर धाडधाड वाजत होता. त्याने रस्त्याकडच्या पट्ट्याकडे बघितलं, मग स्वतःच्या पायांकडे.

"बांधणीच्या वेळी, उसाला माती लावताना," तो म्हणाला. "साहेबराव रोज फटफटीवरून जाता-येता थांबायचा. आबांना म्हणायचा, मॅडमनं ऊस लावला का गवत? आबा काही बोलायचे न्हाईत. पण ऐकून घ्यायचे. मला... मला न्हाई सहन झालं. रस्त्यावरून दिसतो तेवढ्या पट्ट्याला टाकलं. तुमचा ऊस उठून दिसावा म्हणून. तुम्ही जिंकाव्या म्हणून."

"मी नको म्हटलं होतं."

"मला वाटलं, सरकारी प्रयोगात खताचा खर्चा परवडत नसंल..."

मला रडू येत होतं आणि हसूही. दोन्ही गिळून मी म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होतात ना, बटई? घरात आयती पोती येऊन पडली, तर मालक बटईदार ठेवील का?"

त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्याला कळलं. पूर्ण कळलं.

"म्हणजे उसानं तिला हाकलून दिलं?"

"दारच उघडलं नाही. स्फुरद फुकट मिळालं, ऊस वाढला. पण मीठ अडवायला कुणी राहिलं नाही."

मी खोळ काढून त्याच्या हातात दिली आणि भिजतच फाट्याकडे चालू लागले. तो मागून आला नाही. पण मी वळून पाहिलं तेव्हा तो तिथेच उभा होता, हातात खोळ, डोक्यावर पाऊस.

*

महिनाभर मी गेले नाही. प्रयोग बिघडला असं मी मैत्रिणींना सांगितलं. मग एका दुपारी काचेवर पुन्हा ती रिकामी मुळं बघताना वाटलं, बिघडला कुठे? मला विचारायचे होते दोन प्रश्न. एका वेड्या माणसाने तिसरा विचारून ठेवला होता. बुरशी, बुरशी नाही, आणि बुरशीला हाकलून देणारं खत. तीन पट्टे, तीन उत्तरं. असा प्रयोग मी स्वतः मांडायला हवा होता.

फाट्यावर उतरले. तो टपरीवर उभा होता. पुढ्यात चहा नव्हता.

"रोज येऊन राह्यलो," तो म्हणाला. "गाडी यायची. तुम्ही न्हाई."

"चूक झाली तुमची."

"हो."

"आणि फार उपयोगाची झाली."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला खिडकी शोधावीशी वाटली. पण फाट्यावर खिडकी कुठून असणार? मग तशीच हसले.

"शिक्षा सांगते," मी म्हणाले. "गुऱ्हाळ लागेल तेव्हा तिन्ही पट्ट्यांची आधणं वेगळी लावायची. तिघांचा रस एका काहिलीत मिसळायचा नाही. आबांना कबूल करायला लावणं तुमच्याकडे."

"आबांना?" त्याने कपाळाला हात लावला. "मॅडम, त्यापेक्षा मला वाळूजला धाडा."

"तेच तर नको आहे."

बोलून गेले. तो टपरीवाल्याला म्हणाला, "दोन चहा. एकात साखर जास्त."

*

संक्रांत झाली आणि गुऱ्हाळ लागलं. भिवा गुळव्या परगावचा. चुलवणावरच्या काहिलीसमोर तो असा बसायचा, जणू हत्तीवर बसलाय. "माझ्या हातचा गूळ फसला, असं जालन्याच्या बाजारात कोणी सांगितलं तर मी मिशा काढीन," हे त्याचं पहिलं वाक्य. त्याला मिशा नव्हत्याच, हे कुणी बोललं नाही.

तीन आधणं म्हटल्यावर रामराव वैतागले. "एवढ्याशा उसाची तीन? चिपाडं किती जाळायची? रस्त्याकडचा ऊस चांगला, त्याचं एक आधण लावा, त्यावरून कळंल."

"आबा, तिन्ही लावा," बद्रीनाथ म्हणाला.

"आधी रस्त्याकडचं," रामराव म्हणाले. ते जे 'आधी' म्हणतात ते शेवटचंही असतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

चरक फिरला. जाड कांड्या, भरपूर रस. रस निवळायला भेंडीचं पाणी पडलं, मळी निघाली, काहिलीतून वाफ उठू लागली. तेवढ्यात फटफटी थांबली. साहेबराव. उत्तर घ्यायला आले होते. बाजेवर ऐसपैस बसले.

भिवाने पाक पाण्याच्या तांब्यात टाकून बघितला. गोळी होईना. आणखी आटवला. पुन्हा टाकला. गोळी झाली, पण मऊ. थंड करायच्या वाफ्यात ओतलं तेव्हा रंग काकवीचा होता आणि निवाल्यावरही बोट रुतत होतं. रामरावांनी चिमूट जिभेवर ठेवली. मग पिचकन बाजूला थुंकले.

"मंग सोमवारपासून ट्रॅक्टर लावतो," साहेबराव म्हणाले.

रामराव धोतर झटकून उठले होते. दुर्गाबाई माझ्याकडे बघत होत्या. आणि बद्रीनाथ वडिलांच्या वाटेत आडवा उभा राहिला.

"आबा, त्या पट्ट्यात सुपर मी टाकलं. मॅडमनं बजावून नको म्हणलं होतं, तरी टाकलं. त्यानं बुरशी गेली. हे माझं आधण फसलं, त्यांचं न्हाई."

"का टाकलं?"

बद्रीनाथची कानशिलं लाल झाली. गुऱ्हाळावर शेजारपाजारची चार-सहा माणसं होती. कुणी रस प्यायचं थांबलं, कुणी चिपाडं टाकायचं.

"त्यांचा ऊस उठून दिसावा म्हणून," तो म्हणाला.

भिवा काहिलीमागून मोठ्याने हसला. "मालक, चुलवण दोन ठिकाणी पेटलंय वाटतं!"

रामरावांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पुष्कळ वेळ. मी मान खाली घातली नाही. कशी काय, मलाच ठाऊक नाही.

"काहील धू, भिवा," ते म्हणाले. "दुसरं लाव."

मधल्या पट्ट्याचं आधण गेल्या सालासारखंच झालं, गोठ्याच्या कामाचं. साहेबराव जांभया देत होते, पण उठत नव्हते. उन्हं कलली. नाल्याकडचा ऊस चरकावर आला. बारीक, फिकट. रसही कमीच निघाला. कुणीतरी म्हणालं, "एवढ्याशासाठी..." आणि गप्प झालं, कारण काहिलीतला वास बदलला होता.

मला गुळाचं काही कळत नाही, मातीचं कळतं. पण तो वास मलाही कळला. भिवाने पाक तांब्यात टाकला, बोटांनी गोळी वळली आणि तांब्याच्या कडेवर आपटली.

टण्ण.

भिवाची बढाईच बंद पडली. "उतरवा," तो एवढंच म्हणाला. "जल्दी."

वाफ्यात सोनेरी पिवळा पाक पसरला, कडेकडेने आळत गेला. निवायची वाट बघत सगळे वाफ्याभोवती जमले. रामरावांनी कोपऱ्यातला तुकडा मोडला. तो मोडताना आवाज झाला. तोंडात ठेवून त्यांनी डोळे मिटले. मी बद्रीनाथकडे बघितलं नाही, बघवलं नाही.

रामरावांनी दुसरा तुकडा मोडला. तोही खाल्ला. मग तिसरा. तो दुर्गाबाईंच्या हातावर ठेवला.

"गाईंना देऊ नको गं हा," ते म्हणाले, आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

मग एकदम गलका. दुर्गाबाईंनी माझ्या तोंडात गूळ कोंबला, गरम, जीभ भाजणारा. गोड. नुसता गोड. भिवा ओरडून सांगत होता की हात माझा होता, हात! रामरावांनी गुळाची एक भेली पळसाच्या पानात बांधली आणि साहेबरावांसमोर धरली. गुऱ्हाळावरून कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

"हे काय?" साहेबराव म्हणाले.

"तुमचं उत्तर. घरी नेऊन खा. विटा दुसरीकडं भाजा."

साहेबरावांनी तिथेच एक तुकडा चाखला. मान हलवली. "वावर ऱ्हाऊ द्या, रामराव," ते म्हणाले. मग जाता जाता माझ्याकडे वळून, "बाई, माझं बी एक असंच वावर आहे..."

*

"पुढच्या साली सगळ्या वावरात करायचं," रामराव बाजेवर बसून म्हणाले. "सगळ्या. सुपर टाकणाऱ्याचा हात मोडीन."

"एका सालच्या एका गुळावरून खात्री देता येत नाही," मी म्हणाले. मला खोटं बोलवत नाही, आनंदातसुद्धा. "चर काढून पाण्याचा निचराही करायला हवा. निदान तीन वर्षं बघावं लागेल."

"तीन वर्षं!" दुर्गाबाई म्हणाल्या. "तीन वर्षं बदनापूरहून ये-जा करणार का गं तू?"

"करीन."

"ये-जा कशापायी करायची?" त्या सहज म्हणाल्या, हातातली परात पुसत, आणि मुलाकडे बघितलं. "का रं, बद्री? तोंडात गूळ धरून बसला का?"

रामराव एकदम भिवाला मळीबद्दल काहीतरी विचारायला उठून गेले. दुर्गाबाई परात घेऊन घराकडे निघाल्या. चुलवणातला जाळ बसत आला होता. बद्रीनाथ माझ्यासमोर उभा राहिला. हात कोपरापर्यंत चिकट, केसांत चिपाडाचा भुसा.

"मॅडम..."

"शिवकन्या," मी म्हणाले. वर्षभरात त्याने माझं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

"शिवकन्या," तो म्हणाला. जपून, नव्या भाषेतला शब्द म्हणावा तसा. "मी वाळूजला न्हाई जात आता. ते तर ठरलं. पण ह्या वावरात एकट्यानं... मला न्हाई जमायचं. मी पुन्हा काहीतरी टाकून ठेवीन. तुम्ही... तू कायमची येशील का? माझ्याकडं?"

मी नीट विचार करून बोलणारी मुलगी आहे. प्रत्येक गोष्ट दोनदा तपासते. त्या संध्याकाळी एकदाही तपासली नाही.

"येईन," मी म्हणाले. "केंद्रावरचं काम सोडणार नाही. सकाळच्या गाडीने जाईन, संध्याकाळी येईन."

"फाट्यावर उभा ऱ्हाईन."

"आणि लग्नाआधी चर खणून व्हायला पाहिजेत. पावसाच्या आत."

"उद्यापासून खणतो."

"उद्या नाही," मी म्हणाले. "आज अजून उजेड आहे. चला, कुठून काढायचे ते दाखवते."

तो हसला. मोठ्याने, मान मागे टाकून. मग त्याने कुदळ खांद्यावर घेतली, दुसरा चिकट हात माझ्यापुढे केला, आणि मी तो धरला. आमच्या मागे भिवा ओरडत होता, "अहो, गूळ भरायचाय अजून! कुठं चालला तुम्ही दोघं?"

आम्ही खालच्या वावराकडे निघालो होतो.